‘होय’च्या चौकटीतली खूण

३ मार्च

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. दोन वर्षांत तुझं एकही पत्र नाही, त्यामुळे आशीर्वादांचा साठा पडून आहे. हवे तेवढे उचल.

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. फोनवर बोलायला मला डॉक्टरांनी मनाई केली आहे, म्हणून लिहिते. बावीस वर्षं या इस्पितळाच्या धुलाईघरात मशिनींच्या वरताण ओरडून कामं करून घेतली, त्याचं बक्षीस म्हणून घशात गाठ आली आहे. डॉक्टर म्हणजे एक मुलगी आहे, आमच्या काही चादरी तिच्याहून जुन्या असतील. तिने नळी घालून मला पडद्यावर माझंच स्वरयंत्र दाखवलं. एवढ्याशा वस्तूला अख्खं धुलाईघर घाबरत होतं हे बघून मला आमच्या माणसांचीच कीव आली.

बावीस एप्रिलला गाठ काढायची आहे. छोटीशी शस्त्रक्रिया. त्यानंतर सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. ही बातमी खाली पोचली आणि पाच जणांनी मंजूर झालेल्या रजा रद्द करून घेतल्या. असे दिवस त्यांना चुकवायचे नाहीत.

आता मुद्द्याचं. एका कागदावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते आणि घरी आल्यावर पहिले दहा दिवस कोणीतरी सोबत लागतं. मी शेजारणीचं नाव दिलं, तर खिडकीतल्या बाई म्हणाल्या की शेजार हे नातं नाही. तुझे भावोजी असते तर प्रश्न नव्हता, पण त्यांना जाऊन सहा वर्षं झाली आणि सही करायला ते परत येतील असा त्यांचा स्वभाव नव्हता. मूलबाळ आम्हाला नाही. म्हणजे उरलास तू. निवड करायला वाव असता तर मी जरूर केली असती.

तू कुलपं दुरुस्त करतोस, देश चालवत नाहीस. तीन आठवडे दुकान बंद राहिलं म्हणून लोक दाराबाहेर झोपणार नाहीत. बस सकाळी सहाला सुटते, सीमेवर एक फॉर्म भरायचा, दुपारी चारला तू माझ्या दारात. इतकं सोपं काम तुला मी आयुष्यात पहिल्यांदाच सांगते आहे.

धाकटीला आशीर्वाद. ती तुझ्या वाट्याला कशी आली याचा तपास अजून चालूच आहे.

लोभ आहेच, वाढवून हवा असेल तर तिकीट काढ.

तुझी
ताई

१२ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आशीर्वाद सगळे घेतले, मागे काही शिल्लक ठेवले नाहीत. गाठीचं वाचून वाईट वाटलं, आणि सहा आठवडे तू बोलणार नाहीस हे वाचून काय वाटलं ते समोर आल्यावर सांगेन, तेव्हा तुला उत्तर देता येणार नाही.

मी येणारच आहे. तारखेचं मात्र नक्की सांगता येत नाही. दुकानात काम तुंबलं आहे. किल्ल्या कापायच्या यंत्राचा पट्टा सारखा निसटतो. शिवाय कोर्टाचं थोडं काम निघालं आहे. कोर्ट म्हटल्यावर भुवया वर नेऊ नकोस. नुसतं जाऊन बाकावर बसायचं आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं. बसथांब्यासारखंच, फक्त बस येत नाही.

तेव्हा काळजी नसावी. इकडे सगळं ठीक. हिला चष्म्याच्या दुकानात आता भिंगं बसवण्याच्या कामावर घेतलं आहे, त्यामुळे माझ्यातले दोष तिला जास्तच स्पष्ट दिसू लागले आहेत.

लोभ जसा आहे तसाच राहू दे, वाढवल्यास मला पेलणार नाही.

तुझा
धाकटा

१२ मार्च

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

ह्यांचं आणि माझं पत्र एकाच दिवशी मिळेल. ह्यांचं आधी वाचा म्हणजे हसू येईल. मग माझं वाचा.

कोर्टाचं थोडं काम म्हणजे ह्यांच्यावर फौजदारी खटला चालू आहे. परक्याच्या घरात बेकायदा शिरल्याचा गुन्हा. लहानसाच आहे म्हणे. आपल्या घरात एवढी मोठी गोष्ट कधी झाली नव्हती, त्यामुळे मला लहान-मोठ्यातला फरक कळत नाही.

झालं असं. नोव्हेंबरात एक बाई दुकानात आल्या. घराची चावी हरवली, दार उघडून द्या म्हणाल्या. हे पिशवी घेऊन गेले. कुलपात तार घातल्याबरोबर ह्यांच्या लक्षात आलं की कुलूप कोरं आहे, आतल्या पिना अजून तेलकट. ह्यांनी विचारलं की कुलूप चार दिवसांचं आणि चावी हरवली कधी. मग बाईंनी खरं काय ते सांगितलं. नवऱ्याने त्यांना आणि मुलीला बाहेर काढून कुलूप बदललं होतं. आत त्यांचं शिलाई मशीन होतं, त्यावर त्यांचं पोट, आणि मुलीच्या शाळेचे कागद. नवरा संध्याकाळी सहापर्यंत येणार नव्हता.

आता शहाणा माणूस काय करील? पिशवी उचलील आणि घरी येईल. ह्यांनी कुलूप उघडलं. एवढ्यावर थांबले नाहीत. मशीन जड होतं, ते खांद्यावर घेऊन दोन जिने उतरवून दिलं. मग परत वर जाऊन दार ओढून घेतलं, कुलूप नीट बसतंय ना ते दोनदा तपासलं, आणि नेहमीच्या सवयीने चौकटीवर आपल्या दुकानाचं स्टिकर लावून आले. नाव, पत्ता, फोन नंबर, कामाची वेळ. घरफोडीनंतर पत्ता ठेवून जाणारा माणूस पोलिसांनीसुद्धा पहिल्यांदाच पाहिला. पकडायला आले तेव्हा स्टिकर हातातच होतं.

फिर्यादी म्हणजे त्या बाईंचे यजमान. नळांचं मोठं दुकान आहे, बोलणं अगदी तुपाळ. घरी येऊन मला म्हणाले की तुमच्या मिस्टरांशी माझं काही वैर नाही, बायको-मुलगी कुठे आहेत तेवढं सांगा, उद्याच फिर्याद मागे घेतो. आणि पत्ता ह्यांना ठाऊक आहे, वन्सं. मशीनच्या पेटीचं कुलूप बिघडलं होतं, ते ह्यांनी दुरुस्त करून पोस्टाने पाठवलं, पाकिटावर पत्ता मीच लिहिला. पण हे सांगत नाहीत. म्हणतात, गिऱ्हाइकाचा पत्ता दुसऱ्याला द्यायचा नाही हा आमच्या धंद्याचा नियम आहे. गेल्या सव्वीस वर्षांत ह्या नियमाबद्दल मी काही ऐकलं नव्हतं.

जामीन मिळाला आहे, पण कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडायचा नाही ही अट आहे. तुमचं पत्र आल्यापासून हे एकच कुलूप खोलतात आणि पुन्हा जोडतात.

मी हे कळवलं असं ह्यांना सांगू नका, असं लिहिणार होते. पण तुम्ही सांगणारच. तेव्हा निदान लिहिताना मी रडत होते असं सांगा.

तब्येतीला जपा. लोभ मागायचा नसतो हे मला माहीत आहे, म्हणून नुसती आठवण करून देते.

तुमची
भावजय

२३ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. या वेळी एकच, आणि तोही विचार करून.

तुझ्या कोर्टाच्या थोड्या कामाची साग्रसंगीत माहिती मिळाली. कळवणारी लिहिताना रडत होती म्हणे. अक्षर मात्र मोत्यासारखं होतं. अभिनंदन. आपल्या घराण्यात आजवर कोणाचं नाव कोर्टात पुकारलं गेलं नव्हतं. अण्णा आयुष्यभर पोस्टात तिकिटांवर शिक्के मारत राहिले, त्यांच्या हातून हे झालं नसतं.

स्टिकरबद्दल मी काही बोलत नाही. काही गोष्टींपुढे माझीसुद्धा वाचा जाते.

आता तू मला फसवलंसच आहेस तर मीही खरं सांगून टाकते. शस्त्रक्रिया छोटीशी नाही. गाठ आवाजाच्या नसेला चिकटली आहे. डॉक्टरांनी सांगितलं की दहातल्या तिघांचा आवाज परत येत नाही. आणि गाठ कसली आहे ते काढल्याशिवाय सांगता येत नाही. तू खटल्याला थोडं काम म्हणालास, मी याला छोटीशी म्हणाले. इतर कशात नसलो तरी यात आपण सख्खे शोभतो.

तेव्हा नीट ऐक. त्या बाईचा पत्ता देऊन टाक. तू तिचं दार उघडलंस, मशीन खाली आणून दिलंस, पेटीसुद्धा नीट करून पाठवलीस. एका गिऱ्हाइकाचं याहून जास्त कोणी करत नाही. ती कोण तुझी? नवऱ्याशी तिचं काय आहे ते ती बघेल, त्यासाठी पोलीस आहेत, वकील आहेत, तिचे स्वतःचे भाऊ असतील. मला एकच आहे, आणि तो परक्या बाईच्या शिलाई मशीनपायी अडकून बसला आहे.

मला भीती वाटते असा अर्थ काढू नकोस. मला फक्त त्या कागदावर सही हवी आहे.

लोभाचं नंतर बघू.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा दहातल्या तिघांच्या पुढे जाता आलं नाही.

लगेच वकिलांकडे गेलो. पेन्सिलीचं मागचं टोक चावत बोलणारे गृहस्थ आहेत. केस जितकी अवघड तितकी पेन्सिल आखूड. माझी लहान केस आहे म्हणून माझ्यासाठी अर्धी पेन्सिल काढली. त्यांनी सांगितलं की गुन्हा कबूल करा, मामुली दंड होईल, त्याच दुपारी मोकळे व्हाल. मी खूश झालो. मग म्हणाले, फक्त एवढंच की दोष सिद्ध झालेल्या माणसाला तुमच्या बहिणीच्या देशात पाच वर्षं प्रवेश नाही. म्हणजे कबूल केलं तर इकडून सोडतील आणि तिकडे घेणार नाहीत. नाही केलं तर तिकडे कदाचित घेतील, पण इकडून सोडणार नाहीत. कायदा लिहिणाऱ्या माणसाला मी एकदा भेटणार आहे, त्याच्याकडे कुलपाचं डोकं आहे.

मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, सीमेवरच्या फॉर्ममध्ये प्रश्न आहे, तुमच्यावर एखादा फौजदारी खटला चालू आहे का, आणि पुढे होय आणि नाही अशा दोन चौकटी. सगळे ‘नाही’वर खूण करतात. एवढ्याशा गुन्ह्यासाठी कोण बघतो. मी विचारलं, बघितलं तर? तर म्हणाले, तर मग कायमची बंदी. ताई, तू तिकडे आहेस. तुझ्या देशाचं दार एकदा उघडण्यासाठी ते कायमचं बंद करून घेण्याइतकं माझं डोकं अजून फिरलेलं नाही.

तेव्हा सरळ अर्ज केला आहे. भाऊ, बहीण, शस्त्रक्रिया, तुझ्या इस्पितळाचा कागद जोडला. पंधराला सुनावणी आहे. परवानगी मिळाली तर ‘होय’वर खूण करून, हुकूम हातात धरून येतो. पुढे त्यांची मर्जी.

राहता राहिला पत्ता. तो देणार नाही. कारण विचारू नकोस, लिहिता येत नाही. तू मोठी आहेस, तुझं आजवर सगळं ऐकलं. शाळा कोणती, धंदा कोणता, लग्न कधी, सगळं तूच ठरवलंस आणि बरंच चांगलं ठरवलंस. एवढं एक ऐकत नाही.

लोभाचं नंतर बघू म्हणालीस, तोवर माझ्याकडचा वापर.

तुझा
धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास,

तुझं उत्तर मिळालं. स्पष्ट आहे. परक्या बाईला तू शब्द दिला आहेस आणि सख्ख्या बहिणीला तारीख.

येण्याची तसदी घेऊ नकोस. सहीसाठी मी वॉर्डच्या मोठ्या नर्सबाईंना गाठलं आहे. बावीस वर्षं त्यांचे गणवेश मी कडक इस्त्री करून दिले, त्या म्हणाल्या की साक्षीदार म्हणून सही करतील, कोणी विचारलं तर बघून घेतील. बघ, परकी माणसंसुद्धा उपयोगी पडतात. हे तुला सांगायला नको, तू त्या विषयातला जाणकार.

धाकटीला म्हणावं, काळजी करू नये.

ताई

२४ एप्रिल

घरच्या वरिष्ठ न्यायालयास,

आरोपी सुखरूप पोचला. सविस्तर जबानी खालीलप्रमाणे.

तू पोळ्या दिल्यास त्या सीमेपर्यंत संपल्या, ते बरं झालं, कारण तिथे पिशवी उलटीपालटी करून बघतात. सीमा म्हणजे मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. एक लांब पत्र्याची शेड आहे, दोन्ही टोकांना फाटक, मधे काचेच्या खिडक्या. काचेतलं भोक इतकं खाली आहे की बोलायचं तर वाकावं लागतं. सगळी रांग आधीच गुन्हा कबूल केल्यासारखी वाकून उभी.

मी फॉर्म भरला, ‘होय’वर खूण केली, कोर्टाचा हुकूम वर ठेवून आत सरकवला. खिडकीतला अधिकारी भला माणूस. माझी खूण बघून हसला आणि म्हणाला, घाईत चुकून दुसऱ्या चौकटीत पडते बऱ्याच जणांची. आणि कोरा फॉर्म दिला. मी पुन्हा भरला, पुन्हा ‘होय’. तो जरा गंभीर झाला. म्हणाला, काका, प्रश्न नीट वाचा. आणि तिसरा फॉर्म दिला. मी म्हटलं, साहेब, प्रश्न मला पाठ आहे, पाच महिने तो माझ्या घरात राहतो. तेव्हा कुठे त्याने हुकूम उघडला. खरं बोलल्यामुळे एखाद्याचा दिवस इतका बिघडलेला मी पाहिला नव्हता.

मला आतल्या खोलीत बसवलं. दोन बाकं, पाण्याचा पिंप, भिंतीवर न चालणारं घड्याळ. तिथे एक ट्रक ड्रायव्हर होता. गाडी लावण्यावरून मारामारी, केस चालू, ‘नाही’वर खूण. यंत्रात नाव निघालं. त्याची बायको पलीकडे आहे आणि त्याला आता कायमची बंदी लिहून दिली होती. तो कागद उलटा धरून वाचत होता. मी सरळ करून दिला, तरी तसाच बघत राहिला.

माझ्या हुकमात एकच खोट निघाली. आपल्या कोर्टाच्या टायपिस्टने परवानगी अकरा मेपर्यंत दिली, पण गेल्या वर्षीच्या. म्हणजे कागदाप्रमाणे मी वर्षभरापूर्वीच जाऊन परत आलो होतो. आता कोर्टातल्या कारकुनाने फोनवर खुलासा करायचा. कारकून जेवायला गेले होते. मग आले ते साहेबांकडे गेले. मग कोर्ट सुटलं. बस निघून गेली. अधिकाऱ्याने घरी जाताना मला विचारलं की तिसरा फॉर्म अजून आहे, भरायचा का. चांगल्या मनाने विचारलं गं. एकवीस तारीख होती. दुसऱ्या दिवशी नऊला ताईला आत नेणार होते. खोटं सांगत नाही, मी पेन हातात घेतलं होतं. मग त्या ड्रायव्हरकडे बघितलं आणि खाली ठेवलं.

सकाळी दहाला कारकुनांनी फोन उचलला, सव्वादहाला शिक्का पडला. इस्पितळात पोचलो तेव्हा चार वाजले होते. ताई खाटेवर, गळ्याला पट्टी, झोपलेली. इतकी लहान दिसत होती की मी आधी दुसऱ्याच खाटेशी गेलो. जागी झाली, मला बघितलं आणि हात वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. एक दिवस उशीर. मग तेच बोट माझ्या बाहीत अडकवलं आणि पुन्हा झोपली. मी तासभर तसाच उभा राहिलो, बसलो असतो तर बाही सुटली असती.

बाकी हिशेब समोर. अपराध पोटात घालावेत, जागा असेल तर.

तुझाच
आरोपी

६ मे

सौ. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तू ह्याच्यासारखी नाहीस म्हणून थोडे जास्तच.

अहवाल आला. गाठ साधी होती, जीवावरची नाही. डॉक्टर हसत सांगायला आली, तर तुझा नवरा उठून खिडकीशी गेला आणि खिडकीची कडी तपासू लागला. दहा मिनिटं तपासत होता. त्या खिडकीला कडी नाही. आवाजाचं मात्र सहा आठवडे झाल्याशिवाय कळणार नाही.

सोबतीचं म्हणशील तर गृहस्थ सेवा करतात. भात पातळ करायला सांगितला तर पेज करतात, पेज सांगितली तर पाणी. घरातली सगळी कुलपं खोलून तेल घालून झाली. शेजारणीच्या दाराचं झालं. आता जिन्यातल्या लोकांची रांग लागते, त्यामुळे मला भेटायला येणाऱ्यांत माझ्यासाठी कोण आणि लॅचसाठी कोण ते कळत नाही.

आणि बोलतो. पन्नास वर्षं हा माणूस गप्प आहे अशी माझी समजूत होती. आता माझ्या लक्षात आलं की मी कधी थांबलेच नव्हते. हातात पाटी आहे, पण लिहीपर्यंत हा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

काल त्याने त्या बाईचं सांगितलं. तुलाही हे सांगितलं नसावं, म्हणून लिहिते. कुलूप उघडलं, दार आत गेलं, आणि बाई आत जाईनात. उंबऱ्याशी उभ्या. ह्याला वाटलं, काही विसरल्या. तर त्यांनी अगदी हळू विचारलं की आत कोणी नाही ना, तुम्ही आधी बघून याल का. दुपारचे दोन वाजले होते, नवरा दुकानात होता हे त्यांना पक्कं माहीत होतं, तरी. हा सगळ्या खोल्या फिरून आला, न्हाणीघरसुद्धा, मोरीच्या मागेसुद्धा. कोणी नाही म्हणून सांगितलं. तेव्हा त्यांनी पाय आत टाकला. मशीन खाली आणल्यावर म्हणाल्या की माझा पत्ता तुमच्याशिवाय कोणाकडे नाही.

मी पाटी घेऊन बसले होते. काही लिहिलं नाही. बोलता येत नव्हतं ही सबब चांगली सापडली.

अकराच्या आत त्याला परत पाठवते. पुन्हा गेल्या वर्षी पोचायला नको.

माया तशीच राहू दे, मला हल्ली तिची गरज भासते असं आढळून आलं आहे.

तुझी
वन्सं

१७ मे

ती. वन्संस,

सा. न. वि. वि.

हे दहालाच पोचले, आणि काल तारीख होती. या वेळी बसथांब्यावर बस आली.

आधी माझा गुन्हा कबूल करते. हे तिकडे असताना मी त्या बाईंना पत्र टाकलं. या म्हणून नाही लिहिलं. एवढंच लिहिलं की तुमचा पत्ता कोणाला दिलेला नाही, देणारही नाही, सोळा मेला अमुक कोर्टात अमुक वाजता केस आहे, आणि माझे यजमान तुमच्या बाबतीत फार हट्टी आहेत हे तुम्हाला माहीत असावं. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नियम निघाला असता.

काल अकराला पुकारा झाला. नळवाले यजमान पहिल्या बाकावर, नवा कोट. आमच्या वकिलांनी पेन्सिल काढली, आणि दार उघडून बाई आल्या. एकट्या नाही, सोबत त्यांच्या वकीलबाई. दारात क्षणभर थांबल्या. हे उठून उभे राहिले. वकिलांनी ह्यांना खाली ओढलं, हे पुन्हा उभे राहिले. मग बाई चालत पुढे गेल्या आणि नवऱ्याच्या बाकाला वळसा न घालता त्याच्या समोरून गेल्या.

त्यांनी घराचा भाडेकरार काढला. दोघांची नावं, दोघांच्या सह्या. म्हणाल्या, घर माझंही आहे, माझ्या घराचं दार मी कारागीर बोलावून उघडून घेतलं. न्यायाधीशांनी करार तीनदा बघितला आणि यजमानांना विचारलं की हे फिर्यादीत लिहायचं राहिलं का. यजमानांचं तूप गोठलं. बाईंनी आठवड्यापूर्वीच वेगळा अर्ज केला आहे म्हणे, यापुढे यजमानांनी त्यांच्या आसपास फिरकू नये म्हणून. म्हणजे आमच्यासाठी आल्या असं नाही, स्वतःसाठीही आल्या. मला तेच जास्त आवडलं.

खटला काढून टाकला. न्यायाधीशांनी ह्यांना समज दिली की यापुढे दार उघडताना घर कोणाचं याची खात्री करत जा. हे म्हणाले, होय साहेब. त्या शब्दाची ह्यांना आता सवयच झाली आहे.

बाहेर आल्यावर बाई आणि हे पाच मिनिटं समोरासमोर उभे होते. शेवटी ह्यांनी विचारलं की पेटीचं कुलूप नीट चालतं ना. बाई म्हणाल्या, चालतं. तेवढंच.

तुमचा आवाज आला की पहिली शिवी आम्हाला कळवा. आणि आमच्यावर राग असेल तर तोही लोभातच मांडावा.

तुमची
भावजय

४ जून

चि. धाकट्यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल सहा आठवडे पुरे झाले. डॉक्टरांनी समोर बसवलं आणि एक ते दहा आकडे म्हणायला सांगितलं. मी चारपर्यंत गेले. पाचला रडू फुटलं. डॉक्टरांनी तेही आवाजाच्या चाचणीत धरलं आणि उत्तम म्हणून लिहिलं. आवाज आहे. जाडाभरडा, गंजका, वरच्या पट्टीत अजिबात जात नाही. धुलाईघरात आता ओरडता येणार नाही, जवळ जाऊन सांगावं लागेल. आज पहिल्यांदा जवळ जाऊन सांगितलं, तर माणसं जास्तच घाबरली. तेव्हा तोटा काही नाही.

आता एक गोष्ट, ती फोनवर सांगता आली असती पण सांगणार नाही.

मी तुला त्या बाईचा पत्ता देऊन टाक म्हणून लिहिलं होतं. विनंती नाही, हुकूम केला होता. तो तू मानला असतास तर वेळेवर आला असतास, कागदावर तुझीच सही झाली असती, शुद्धीवर येताना तू खाटेशी असतास. आणि एक दिवस तो नळवाला तिच्या नव्या दाराशी जाऊन उभा राहिला असता, माझ्यामुळे. मला ते कधी कळलंही नसतं. मी बरी झाले असते आणि सगळ्यांना सांगत सुटले असते की माझा भाऊ किती गुणी, एका शब्दावर धावत आला.

तेव्हा तू माझं ऐकलं नाहीस हे चांगलं केलंस. हे वाक्य मी तुला आजवर कधी लिहिलेलं नाही, पुन्हा लिहीन अशी आशा धरू नकोस. धाकटीला दाखवायला हरकत नाही. तिच्यापासून काही लपत नाही हे आपण दोघांनी शिकलेलं बरं. इतर कोणाला दाखवू नकोस.

तो हुकूम लिहिला त्या दिवशी मला घाबरायला झालं होतं. सहीचं नाव पुढे केलं होतं.

पुढचा प्रवास मी करते म्हणते. ऑगस्टात रजा आहे. फॉर्म मला भरता येतो, आणि माझ्यावर अजून तरी काही चालू नाही.

लोभ आहे. किती ते विचारू नये.

तुझी
ताई